निळभट्टाचे गाव : एकत्र वाचणाऱ्यांचा साडेसातशे वर्षांचा इतिहास

१/
भंडारा म्हटले की तळी आठवतात, धानाच्या बांध्या आठवतात, पितळेची भांडी आठवतात. आज या जिल्ह्याच्या निमित्ताने एका वेगळ्याच गोष्टीचा मागोवा घेऊ. चार माणसे एकत्र बसतात, एकच ग्रंथ वाचतात, त्यावर बोलतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी येऊन बसतात. आज आपण याला बुक क्लब म्हणतो आणि ही रीत शहरी व परकी आहे असे समजतो. मराठीत मात्र ती छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या पहिल्या प्रकरणात भंडाऱ्याचा एक माणूस आहे.

२/
त्याचे नाव निळभट्ट भांडारेकार. ‘भांडारेकार’ म्हणजे भंडाऱ्याचा राहणारा. हे गाव त्याच्याही पूर्वीचे. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात करभार देणाऱ्या प्रदेशांमध्ये ‘भाणारा’ हे नाव येते आणि अभ्यासक ते आजच्या भंडाऱ्याचे मानतात. या लेखानंतर सुमारे दीड शतकाने चक्रधरस्वामी फिरत फिरत या गावी आले. निळभट्ट त्यांना भेटला आणि घरदार सोडून त्यांच्यामागे निघाला. चक्रधरांच्या अगदी आरंभीच्या अनुयायांत त्याची गणना होते.

३/
चक्रधर मूळचे गुजरातेतील भडोचचे. विदर्भातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभू हे त्यांना गुरू लाभले. पुढे त्यांनी गावोगाव हिंडून उपदेश केला, तो मराठीत. त्यांच्याभोवती जमलेल्या लोकांत शास्त्री होते तसेच अक्षरओळख नसलेलेही होते, आणि स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, दाखले देत, प्रश्नांना उत्तरे देत. जे काही होते ते ऐकणाऱ्यांच्या कानांत आणि मनांत होते.

४/
इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर आपल्या अनुयायांमधून निघून गेले. संप्रदाय याला ‘उत्तरापंथे गमन’ म्हणतो. मागे राहिलेल्यांची अवस्था कल्पनेने जाणावी. ज्याच्या शब्दांसाठी घर सोडले तो समोर नाही, आणि ते शब्द कुठे लिहिलेलेही नाहीत. हे सारे लोक हळूहळू ऋद्धिपुरी वृद्ध गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमले. त्यांच्या मंडळीची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांनाच भटोबास असेही म्हणतात. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले हे गाव मराठी गद्याचे माहेर ठरले.

५/
या मंडळीत म्हाइंभट नावाचा एक विद्वान होता. तो सराळे गावचा, शास्त्रपारंगत, श्रीमंत आणि आपल्या विद्येचा गर्व बाळगणारा. चक्रधरांशी वाद घालायला म्हणून गेला आणि त्यांचाच शिष्य झाला. ऋद्धिपुरी बसल्यावर त्याच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. प्रत्येकाच्या आठवणीत स्वामींचा एकेक प्रसंग आहे, पण आठवण सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत. आज विचारले नाही, तर उद्या सांगायला कोणी उरणार नाही. इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाला ही घाई ओळखीची वाटेल.

६/
म्हाइंभटाने मग जे केले त्याला आपण आज मौखिक इतिहासाचे संकलन म्हणू. ज्याने जो प्रसंग पाहिला वा ऐकला त्याच्याकडून तो त्याने मिळवला. नागदेवाचार्यांसमोर तो पडताळून घेतला. स्थळ कोणते, सोबत कोण होते, स्वामी नेमके काय म्हणाले, हे तपशील जपले. यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. त्याचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. उपलब्ध मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ. नाव एका लेखकाचे असले, तरी त्याच्या पाठीमागे संपूर्ण मंडळीचे स्मरण उभे आहे.

७/
‘लीळाचरित्रा’चे तीन भाग आहेत : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. चक्रधर एकटे हिंडत होते त्या काळातील प्रसंग एकांकात येतात आणि भांडारेकाराची भेटही तिथेच आहे. निळभट्टाच्या हातचा एकही ग्रंथ आपल्यापुढे नाही. तो आपल्याला कळतो तो इतरांनी त्याच्याविषयी सांगितले म्हणून, आणि सांगितलेले कोणी ऐकून उतरवून घेतले म्हणून. वाचनमंडळाचे पहिले सुख हेच. एकट्या वाचकाच्या हातून जे निसटते, ते शेजारी बसलेल्याच्या ओंजळीत सापडते.

८/
चक्रधरांनी दिलेले दाखले पुढे केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यात एकूण ११४ दृष्टांत आहेत. त्यांपैकी एक हत्तीचा. गावात हत्ती येतो आणि जन्मांध माणसे त्याला चाचपून पाहतात. ज्याच्या हाती जो अवयव येतो, त्याला हत्ती तसाच वाटतो. ही कथा भारतात अनेक परंपरांनी सांगितली आहे. पण आठवणी जोडून ग्रंथ उभा करणाऱ्या मंडळीने ती जपावी, यात एक औचित्य आहे. कारण आपापल्या वाट्याला आलेला हत्तीचा तुकडा घेऊन बसलेले लोक ते स्वतःच होते.

९/
आता अडचणींकडे वळू. पहिला पेच भाषेचा होता. केशिराज आणि दामोदरपंडित हे संस्कृतात मुरलेले. विद्वत्तेची प्रतिष्ठा संस्कृताला होती. त्यामुळे शास्त्रचर्चा त्या भाषेत करावी, ग्रंथ त्या भाषेत रचावेत, असे वाटणे स्वाभाविक होते. ‘स्मृतिस्थळ’ हा नागदेवाचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ सांगतो, की त्यांनी याला स्पष्ट नकार दिला. स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितले आहे. संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१०/
या नकाराचे मोल समजून घ्यावे. नागदेवाचार्य स्वतः विद्वानांचे आचार्य होते. मंडळीतल्या सर्वांत हुशार माणसांना आवडेल तसे चालू देणे त्यांना सोपे होते. त्यांनी मात्र कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या वृद्ध स्त्रियांवरून बैठकीची भाषा ठरवली. कुठल्याही वाचनमंडळात हा प्रश्न येतोच. चर्चा सर्वांत पुढे गेलेल्या वाचकाच्या गतीने चालावी, की सर्वांत मागे असलेल्याला हात देत? ऋद्धिपूरने तेराव्या शतकात याचे उत्तर दिले. मराठी शास्त्रीय गद्य त्या उत्तराचे ऋणी आहे.

११/
या स्त्रिया केवळ श्रोत्या नव्हत्या. महदाइसा, म्हणजेच महदंबा, चक्रधरांना सतत प्रश्न विचारी. तिच्या जिज्ञासेपोटी कितीतरी गोष्टी बोलल्या गेल्या आणि म्हणून नोंदल्या गेल्या. गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी तिने रचलेले ‘धवळे’ आज उपलब्ध आहेत आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. प्रश्न विचारणारा एक सदस्य साऱ्या बैठकीला किती देऊन जातो, याचे याहून जुने मराठी उदाहरण सापडणे कठीण.

१२/
दुसरा पेच अभिप्रायाचा. भास्करभट्ट बोरीकर हा या परंपरेतला रसिक कवी. त्याने ‘शिशुपालवध’ हे काव्य रचले आणि एका वडीलधाऱ्या गुरुबंधूला दाखवले. त्याने ग्रंथ चांगला झाल्याचे मान्य केले, पण तो शृंगाराकडे झुकलेला असल्याने संसार सोडलेल्यांच्या कामाचा नाही, असेही सांगितले. कष्टाने लिहिलेले आपल्याच माणसांसमोर ठेवावे आणि असे शब्द ऐकावेत, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला अधिक सांगायला नको.

१३/
भास्करभट्ट रुसून निघून गेला नाही. त्याने भागवताच्या एकादश स्कंधावर आधारलेला ‘उद्धवगीता’ हा दुसरा ग्रंथ रचला. मंडळीने त्याला अधिक गंभीर कामाकडे नेले, असे म्हणता येईल. उलट बाजूनेही पाहावे. ज्या काव्याला निवृत्तांच्या बैठकीत कमी लेखले गेले, त्या ‘शिशुपालवधा’ला पुढच्या साहित्येतिहासकारांनी प्राचीन मराठी काव्यात मानाचे स्थान दिले. मंडळीचा कौल महत्त्वाचा असतो, अखेरचा नसतो. दोन्ही ग्रंथ टिकले, म्हणून आज आपण स्वतः तुलना करू शकतो.

१४/
तिसरे संकट बाहेरून आले. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नष्ट झाली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. छापील ग्रंथाच्या हजारो प्रती असतात, हस्तलिखिताच्या मोजक्याच. म्हाइंभटाने आयुष्य वेचून जे जमवले होते ते एका फेऱ्यात गेले. पण त्या ग्रंथाच्या आणखी काही प्रती होत्या, ज्या लुटता येत नव्हत्या. त्या लोकांच्या पाठांतरात होत्या.

१५/
ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हा उभा केला गेला. त्यांत हिराइसा या साध्वीचे नाव आवर्जून येते. तिच्या स्मरणावर आधारलेला पाठ पुढच्या पोथ्यांत तिच्या नावाने ओळखला जातो. ज्या स्त्रियांसाठी भाषा मराठी ठेवली, त्यांच्यातल्याच एकीच्या स्मरणाने तो मराठी ग्रंथ वाचवायला हात दिला. संस्कृताचा आग्रह मान्य झाला असता तर हिराइसेजवळ आठवायला काय उरले असते, याचा क्षणभर विचार करावा.

१६/
पुनर्रचना करताना आठवणी अर्थातच जुळल्या नाहीत. एकाला शब्द असा आठवे, दुसऱ्याला तसा. एकजण प्रसंग या गावचा सांगे, दुसरा त्या गावचा. या मंडळीने मतभेद पुसून एकच गुळगुळीत पाठ तयार केला नाही. वेगवेगळे पाठ, कोण काय म्हणतो या नोंदीसह, पोथीतच ठेवले. अशा पाठभेदाला महानुभाव परंपरेत ‘वासना’ अशी संज्ञा आहे. मतभेदांची अशी काळजीपूर्वक नोंद मध्ययुगीन ग्रंथात वाचताना आजच्या संशोधकालाही आदर वाटतो.

१७/
सगळेच मतभेद मात्र समासात मावत नाहीत. नागदेवाचार्यांनंतर संप्रदायात शाखा पडत गेल्या आणि परंपरा तेरा आम्नायांची नावे सांगते. ग्रंथ तोच, गुरू तोच, तरी अर्थ लावण्यावरून आणि अधिकारावरून वाटा वेगळ्या झाल्या. एकत्र वाचन माणसांना जवळ आणते, हे खरे. जवळ आल्यावर आपले मतभेद किती खोल आहेत हेही तेच वाचन दाखवून देते, हेही तितकेच खरे. ज्याने कधी एखादे मंडळ फुटताना पाहिले आहे, त्याला हे परके वाटणार नाही.

१८/
चौदाव्या शतकापासून या मंडळीने आणखी एक पाऊल उचलले. ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची पद्धत सुरू झाली : सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी आणि इतर कित्येक. सामान्यतः एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण योजायची, अशी त्यांची रीत. किल्ली माहीत असेल त्यालाच पोथी वाचता येई. पवित्र वचने अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत आणि विरोधकांपासून त्यांचे रक्षण व्हावे, हे त्यामागचे हेतू सांगितले जातात. भीती समजण्यासारखी होती. परिणाम मात्र दूरवर गेला.

१९/
कुलूप लावल्यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले. महानुभाव साधूंनी ते पंजाबात, पेशावरात आणि काबूलपर्यंत नेले. तिथला जयकृष्णी पंथ हा याच परंपरेचा. तिथल्या अनुयायांनी या ग्रंथांसाठी मराठी जपली. सिंधूपलीकडे मराठी वाचले जात होते आणि खुद्द महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना मराठीचा आद्य गद्यग्रंथ ठाऊकही नव्हता, अशी ही विलक्षण स्थिती. दार बंद असले की बाहेर अफवा वाढतात. या पंथाविषयीही शतकानुशतके गैरसमज पसरले आणि त्यांना उत्तर देणारे ग्रंथ कुलपात होते.

२०/
विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुलूप उघडले. काही महंतांनी विश्वासाने पोथ्या दाखवल्या, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी या लिप्यांचे रहस्य अभ्यासकांपुढे आणले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, पुण्याचे शं. गो. तुळपुळे यांनी ग्रंथ शोधले, संपादले. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभराच्या अभ्यासातून सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हाइंभटाच्या बैठकीत सामान्य मराठी वाचकाला जागा मिळायला अशी सातशे वर्षे लागली.

२१/
दार बंद करायला लिपीच लागते असे नाही. १८४८ मध्ये पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. तिच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. सार्वजनिक वाचनाच्या चळवळीतला हा महत्त्वाचा टप्पा. त्याच वर्षी, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. वाचनालयाचे दार उघडे असले, तरी समाजातील फार मोठ्या भागाला अजून अक्षरेच शिकू दिली गेली नव्हती.

२२/
पुढे १८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण दिले. फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. साहित्यिकांच्या वर्तुळात सामील व्हायचे की नाही, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे मराठीत पूर्वी क्वचितच कोणी मांडला असेल. बोलावणे आले म्हणून बैठक आपली होत नाही. आपल्या अनुभवाला तिथे स्थान असावे लागते.

२३/
आता पुन्हा भंडाऱ्याला येऊ. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. ऋद्धिपुरी जे झाले होते त्याचीच जणू दुसरी आवृत्ती : ज्याच्या शब्दावर विसंबून लाखो लोकांनी जुने सोडले, तो मार्गदाता समोर नाही. या वेळी मात्र एक फरक होता. तो ग्रंथ लिहून गेला होता.

२४/
‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी अनुवाद आला आणि पुढे मराठी. आठ खंड, त्यांचे भाग, भागांत प्रकरणे आणि प्रकरणांत क्रमांक दिलेली छोटी छोटी विधाने, अशी त्याची रचना आहे. अशा रचनेचा ग्रंथ मोठ्याने वाचायला आणि थांबून बोलायला सोपा. काल कुठे थांबलो हे आकड्यावरून कळते आणि शंका असेल तर बोट ठेवून दाखवता येते.

२५/
विदर्भातील गावोगावच्या बुद्धविहारांत वर्षावासाच्या काळात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, या ग्रंथाचे सामूहिक वाचन चालते. भंडारा जिल्ह्यात हाच धानाच्या रोवणीचा आणि निंदणीचा काळ. दिवसभर चिखलात वाकून आलेली माणसे संध्याकाळी विहारात जमतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. पुष्कळदा शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी वाचते आणि तिची आजी ऐकते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला स्पर्श करू दिला गेला नाही, त्यांनी चालवलेला हा बुक क्लब आहे. त्याची वर्गणी कोणी विचारत नाही.

२६/
अडचणी इथेही आहेत. पहिल्या संध्याकाळी विहार भरतो आणि ऐन रोवणीत निम्मी माणसे गळतात. वाचन पाठांतरासारखे एका सुरात होऊ लागते आणि प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पूज्य ग्रंथावर शंका कशी घ्यावी, असे काहींना वाटते. ज्याने स्वतः आयुष्यभर शंका घेतल्या त्याचा ग्रंथ वाचताना हा संकोच गळून पडायला हवा, असे दुसरे म्हणतात. हा वाद निरोगी आहे. महदाइसेने प्रश्न विचारणे सोडले असते, तर ‘लीळाचरित्र’ किती बारीक झाले असते!

२७/
याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथे १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तिथल्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. एकाच राजाने सारा स्तूप बांधला असे ते लेख सांगत नाहीत. अनेकांनी आपापल्या परीने एकेक दगड दिला. वाचनाची बैठकही अशीच उभी राहते. प्रत्येकाने आपल्या वाटचा खांब आणावा लागतो.

२८/
भाषेचा जुना पेचही इथे नव्या रूपात जिवंत आहे. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीची बोली म्हणजे झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास केला आणि तिच्यात लिहिणाऱ्यांना एकत्र आणले. प्रमाण मराठीत चर्चा सुरू झाली की घरी झाडीबोली बोलणारा मुलगा गप्प होतो, असे आजही घडते. म्हाताऱ्यांच्या काळजीने संस्कृताला नकार देणाऱ्या नागदेवाचार्यांनी या गप्प बसलेल्या मुलाकडे पाहिले असते आणि त्याला त्याच्याच बोलीत विचारले असते, असे म्हणावेसे वाटते.

२९/
२०२४ मध्ये ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या. त्या साजऱ्या करताना एवढे ध्यानात ठेवावे, की या अभिजाततेचा एक भक्कम पुरावा एकट्या प्रतिभावंताने एकांतात लिहिलेला नाही. तो एकत्र बसलेल्या, एकमेकांना दुरुस्त करणाऱ्या, रुसणाऱ्या आणि पुन्हा येऊन बसणाऱ्या माणसांनी घडवला. ती भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या बैठकीत जागा होती तोवर ग्रंथ वाढत राहिला. दार लागले तेव्हा तो वाचला, पण वाढायचा थांबला.

३०/
म्हणून मित्रहो, एक विनंती. आपल्या गावात अशी बैठक कुठे चालते ते शोधा. देवळातील पोथीवाचन असेल, विहारातील वर्षावास असेल, वाचनालयातील चार खुर्च्या असतील किंवा मित्रांचा कट्टा. तिथे जा, ऐका, एक प्रश्न विचारा आणि जे वयोवृद्ध सांगतात ते तारीख, स्थळ आणि सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा. दोन जणांनी दोन तऱ्हेने सांगितले तर दोन्ही लिहा. भंडाऱ्याचा निळभट्ट आपल्याला माहीत आहे, तो कोणीतरी वेळेवर विचारले म्हणून.

(थ्रेड समाप्त. तुमच्या गावच्या वाचनबैठकीची आठवण खाली जरूर लिहा.)